टॉवरच्या पायथ्याशी थांबलेली गोष्ट

गेल्या वर्षी आठवीच्या मुलांना मी निबंधासाठी 'मुंबईची सहल' हा विषय दिला होता. आमची शाळा उर्दू माध्यमाची, शहापूर तालुक्यातली. पालकांपैकी कुणी टेम्पो चालवतात, कुणाचे गॅरेज आहे, कुणी भंगाराचा धंदा करतात. बहुतेक निबंधांत गेटवे, राणीची बाग आणि हाजी अली हेच आले होते. एका मुलीने मात्र वेगळे लिहिले. तिचे मामू भायखळ्याच्या एका नव्या टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर राहायला गेले आहेत. तिथे तिने नळ सोडला तर पाणी जोरात आले. हे पाणी कुठले, असे तिने विचारले. मामू म्हणाले, म्युनिसिपालिटीचे. ती म्हणाली, नाही, हे आमच्या भातसाचे. शेवटी एकच ओळ होती : 'यह पानी हमारे घर नहीं आता.'

शुद्धलेखनाचे दोन गुण कापून मी तिला दहापैकी आठ गुण दिले. वही परत करताना मात्र एक गोष्ट लक्षात आली. मुंबईवर मराठीत आणि उर्दूत मी जे काही वाचले आहे, त्यात ही ओळ मला कुठेही भेटली नव्हती. तेरा वर्षांच्या मुलीला जे दिसले ते आमच्या लेखकांना का दिसले नाही, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे. प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून आला आहे.

मुंबईतल्या उंच इमारती मराठी साहित्याला नव्या नाहीत. अण्णाभाऊ साठे यांनी 'मुंबईची लावणी' लिहिली तेव्हाच मलबार हिल आणि कामगारांची वस्ती यांना समोरासमोर उभे केले होते. त्यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकात डफ घेऊन उभे होते शाहीर अमर शेख. बार्शीचा हा मुसलमान शाहीर गिरणगावाचा आवाज झाला, ही गोष्ट आपण आपल्या संमेलनांतून अभिमानाने सांगतो. पुढे नारायण सुर्वे यांनी 1966 साली 'माझे विद्यापीठ'मधून कामगाराला स्वतःच्या तोंडाने बोलायला लावले. जयवंत दळवींचे 'चक्र' 1963 साली आले, मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' 1969 साली, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' 1972 साली. या साऱ्या लेखनात उंच इमारत दूर, क्षितिजावर आहे. लेखकाची नजर झोपडीत, चाळीत, फूटपाथवर आहे. ते योग्यच होते. तोवर त्या माणसांकडे कुणी पाहिलेच नव्हते.

मग 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक पुन्हा आत गेलेच नाहीत. गिरण्यांच्या सुमारे सहाशे एकर जमिनीचे काय करायचे, हा प्रश्न उरला. 1991 च्या नियमात या जमिनीचे वाटे ठरले होते. एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. 2001 साली नियम बदलला आणि फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीचेच वाटे करायचे ठरले. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. नियमातल्या या एका दुरुस्तीने शहराचे आकाश बदलले. श्रीनिवास मिलच्या जागी वर्ल्ड वन उभा राहिला, श्रीराम मिलच्या जागी पॅले रोयाल. फिनिक्स मिलचा मॉल झाला.

या उलथापालथीला मराठीत खऱ्या अर्थाने वाचा फोडली ती जयंत पवार यांनी. त्यांचे 'अधांतर' हे नाटक संपानंतरच्या एका गिरणी कामगार कुटुंबाचे आहे. नाटक त्या एका खोलीतच घडते. टॉवर रंगमंचावर येत नाही, येतात ती त्या खोलीत एकमेकांवर आदळणारी माणसे. पवारांचे मोठेपण मला यात वाटते की त्यांनी मालकाला खलनायक म्हणून समोर आणून प्रेक्षकाची सोय केली नाही. घर आतून कसे सडते ते दाखवले. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या त्यांच्या कथासंग्रहाला 2012 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 2021 साली ते गेले. त्यांच्यानंतर गिरणगावावर त्या ताकदीने लिहिणारा लेखक अजून दिसत नाही.

दिसते ती नक्कल. गेल्या काही वर्षांतल्या दिवाळी अंकांतल्या मुंबईच्या कथा वाचल्या की एक साचा हाती लागतो. एक बंद पडलेली चिमणी असते, तिच्या शेजारी काचेचा टॉवर असतो आणि त्या टॉवरच्या गेटवर वॉचमनचा गणवेश घालून उभा असलेला जुना कामगार असतो. तो वर पाहतो आणि कथा संपते. पहिल्यांदा हे चित्र वाचले तेव्हा पोटात कालवले होते. दहाव्यांदा वाचताना काहीच होत नाही. टॉवर हे आता आपल्या लेखकांचे तयार दुःख झाले आहे. त्याच्या आत कोण राहते, ते तिथे का गेले, पाणी कोणत्या वाटेने वर चढते, हे विचारायची गरजच उरलेली नाही. आपली गोष्ट टॉवरच्या पायथ्याशी येऊन थांबली आहे.

उर्दूकडे वळले तर चित्र थोडे वेगळे दिसते, पण फार नाही. कृष्ण चंदर यांची 'महालक्ष्मी का पुल' ही कथा बहुतेक उर्दू वाचकांना ठाऊक असते. पुलाच्या डाव्या बाजूला वाळत घातलेल्या सहा साड्या आणि त्या नेसणाऱ्या सहा बायकांचे आयुष्य. लेखक वाचकाला विनवतो की एकदा डाव्या बाजूला पाहा. आज त्या पुलावर उभे राहिले तर आजूबाजूला टॉवर दिसतात. त्या टॉवरवर वाळत घातलेली साडी दिसत नाही. टॉवरच्या बाल्कनीत कपडे बाहेर दिसू नयेत असा सोसायट्यांचा नियम असतो. कृष्ण चंदर यांच्या कथेचा आधारच नाहीसा झाला आहे. मग आता त्या सहा बायकांच्या नातींची गोष्ट कोणत्या खुणेवरून ओळखायची? नव्या लेखकापुढचे आव्हान हे आहे.

या संदर्भात अली इमाम नक़वी यांच्या 'तीन बत्ती के रामा' या 1991 च्या कादंबरीचा उल्लेख आवर्जून करावासा वाटतो. दक्षिण मुंबईतल्या श्रीमंत घरांत काम करणाऱ्या नोकरांची ही गोष्ट आहे. मुंबईत अशा नोकराला सरसकट 'रामा' म्हणत, मग त्याचे नाव काहीही असो. इथे लेखक पायथ्याशी थांबलेला नाही. तो नोकरांच्या मागोमाग वरच्या मजल्यांवर गेला आहे. उंच इमारत ही एका बाजूला राहणाऱ्यांची आणि दुसऱ्या बाजूला तिला चालवणाऱ्यांची असते, हे त्याने ओळखले. मराठीत या धाटणीचे लेखन माझ्या वाचनात नाही, आणि गंमत अशी की कादंबरीतले ते 'रामा' बहुतेक मराठी मुलखातूनच येत.

सलाम बिन रज़्ज़ाक़ हे आपल्या पनवेलचे. 2004 साली त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, 2024 साली ते गेले. झोपडपट्टीत सभ्यपणे जगू पाहणाऱ्या माणसाची घुसमट त्यांनी कथेत आणली. रहमान अब्बास यांची 'रोहज़िन' 2016 ची. कोकणातून मुंबईत आलेला असरार, मोहम्मद अली रोडचा परिसर आणि 26 जुलै 2005 चा पाऊस त्यात आहे. कोकणी मुसलमानाचा मुंबईशी असलेला संबंध इतक्या बारकाईने आधी कुणी लिहिला नव्हता. तरीही 'रोहज़िन'मधली मुंबई मुख्यतः जुन्या इमारतींची आहे. त्या इमारती आता पाडल्या जात आहेत, आणि पाडल्यावर काय, हे पुढच्या लेखकाने लिहायचे आहे.

इथे मला एक घरची गोष्ट सांगावी लागेल.

माझी खाला मदनपुऱ्यात एका पगडीच्या खोलीत चाळीस वर्षे राहिली. मजल्यावर बारा बिऱ्हाडे, संडास दोन. रात्री-अपरात्री जायचे झाले तर साठीतली ही बाई मुलाला उठवून बरोबर न्यायची. इमारत पुनर्विकासाला गेली. तीन वर्षांत घर मिळेल असे सांगितले होते, संक्रमण शिबिरात अकरा वर्षे गेली. खालू तिथेच वारले. आता खाला चौदाव्या मजल्यावर राहते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिने मला आधी बाथरूम दाखवले, मग बाकी घर. बाथरूममध्ये बादली भरून ठेवली होती. मी विचारले तर म्हणाली, 'बेटा, नल तो चौबीस घंटे है, मगर मुझे भरोसा नहीं आता.'

तिथे मशिदीची अज़ान पोहोचत नाही, ती मोबाइलवर लावते. पूर्वी ती तिसऱ्या मजल्यावरून दोरीला टोपली बांधून भाजी घ्यायची, आता भाजीवाल्याला गेटवरच अडवतात. पूर्वी भाडे नावापुरते होते, आता मेंटेनन्स हजारांत आहे आणि तो मुलाच्या पगारातून जातो. दुपारी दार उघडे ठेवले तर शेजारीण विचारते, काही झाले का? पण मी खालाला विचारले की जुन्या खोलीत परत जाशील का, तर तिने कानाला हात लावले. 'अल्लाह ना करे.'

या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या तोंडच्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. आपल्या कथांत मात्र यातली पहिलीच येते. चाळीचा ओलावा, गॅलरीतल्या गप्पा, ईदची शीरखुर्म्याची वाटी. दोन संडासांसमोरची रांग येत नाही. लेखक बहुतेक पुरुष असतात म्हणून असे होते का, याचा विचार आपण करायला हवा.

जुन्या इमारतींबद्दलचा हळवेपणा निरुपद्रवी नाही. 31 ऑगस्ट 2017 रोजी भेंडीबाजारात पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली. 33 माणसे गेली. ती शंभरी ओलांडलेली इमारत पुनर्विकासाच्या यादीत होती. काही कुटुंबे आधीच हलली होती, काही राहिली होती. सैफी बुरहानी अपलिफ्टमेंट ट्रस्टने 2009 पासून हाती घेतलेला हा प्रकल्प साडेसोळा एकरांचा, सुमारे अडीचशे इमारतींचा. जी कुटुंबे मागे राहिली ती का राहिली? कागद, भीती, शेजार, दुकान, की घराची ओढ? वृत्तपत्रांनी आकडे दिले. साहित्याने जे द्यायला हवे होते, म्हणजे त्या राहण्यामागचे मन, ते माझ्या वाचनात आले नाही.

आणखी एक बाब. टॉवरचा प्रश्न आपल्यासाठी फक्त पैशाचा नाही. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतून कितीतरी मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याला आली. मुंबईत भाड्याने किंवा विकत घर पाहताना नाव सांगितले की 'सोसायटीचा नियम आहे' हे उत्तर आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. जिथे घर मिळते तिथे ते कसे बांधलेले असते? 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला लकी कंपाउंडमधली अनधिकृत इमारत बांधकाम चालू असतानाच पडली आणि 74 जण गेले. मेलेल्यांत मजूर आणि त्यांची मुले होती. एका बाजूला काचेचा टॉवर, दुसऱ्या बाजूला असा मृत्यूचा मजला. दोन्ही एकाच शहराच्या वाढीतून आले आहेत.

अल्टामाउंट रोडवरची अँटिलिया साऱ्या जगाला ठाऊक आहे. ती ज्या जमिनीवर आहे ती करीमभॉय इब्राहिम खोजा यतीमखान्याच्या ट्रस्टची होती, 2002 साली विकली गेली, आणि वक़्फ़चा प्रश्न उपस्थित होऊन प्रकरण न्यायालयात गेले, हे आपल्यातल्या किती लेखकांनी विषय म्हणून हाताळले? अनाथ मुलांच्या नावाने दिलेल्या जमिनीची ही हकीकत कोणत्याही भाषेतल्या कादंबरीकाराला मोहात पाडेल. आपण तिच्यावर भाषणे केली, साहित्य केले नाही.

आता पुन्हा आमच्या तालुक्याकडे येते, कारण त्या मुलीची ओळ इथली आहे.

मुंबईला नळाचे पाणी मिळाले ते 1860 साली विहारमुळे. शहर वाढले तसे ते पाण्यासाठी आमच्याकडे सरकले. 1892 साली तानसा झाले, 1957 साली वैतरणेवरचे मोडकसागर, मग भातसा, 2014 साली मध्य वैतरणा. एकट्या भातसातून मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा जातो. आणि दर उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकर येतो. टँकरची वाट पाहत ड्रम ओळीने मांडलेले असतात, आणि मुंबईला पाणी नेणारी जाडजूड जलवाहिनी याच तालुक्यातून जाते. मुरबाडमध्ये काळू नदीवरच्या धरणाचे काम 2012 साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले, पण तो प्रस्ताव मिटलेला नाही. ज्यांची गावे बुडणार आहेत त्यांची झोप तेव्हापासून उडालेली आहे.

पाणी हे एक झाले. दिवाळी सरली की शहापूर-मुरबाडचे कातकरी उचल घेऊन बायकामुलांसह वीटभट्ट्यांवर जातात. त्यांची मुले शाळेच्या हजेरीपटावर असतात आणि वर्गात नसतात. मराठी शाळेतल्या माझ्या मैत्रिणी दर वर्षी त्यांना शोधायला भट्टीवर जातात. मुंबईच्या कितीतरी इमारतींत या मातीच्या विटा गेल्या आहेत. आता उंच टॉवरना सिमेंटचे ब्लॉक लागतात, भट्टीच्या विटा जवळच्या शहरांत जातात. धंद्याची तऱ्हा बदलली, कातकऱ्याची उचल फिटली नाही.

शहराच्या ऐश्वर्याचे दुसरे टोक आपल्या जिल्ह्यात आहे, हे मराठीत एका पुस्तकाने फार पूर्वी दाखवले. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो'. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या 1945 च्या लढ्याचे हे कथन. मुंबईच्या बाजारासाठी गवत कापणारा, जंगल तोडणारा आदिवासी तिथे माणूस म्हणून उभा राहतो. ते पुस्तक वाचताना कळते की शहर हे त्याच्या हद्दीत संपत नाही. 1972 साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यानंतर आपण त्याला अभ्यासक्रमात ठेवले, पण त्याची वाट पुढे चाललो नाही. गिरणगावाचे साहित्य एका कपाटात आणि आदिवासींचे दुसऱ्या कपाटात, अशी आपल्या समीक्षेने वाटणी केली. भातसाची जलवाहिनी मात्र दोन्ही कपाटांमधून जाते.

शेवटी आपल्याविषयी. 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हापासून आपण म्हणत आलो की आमचे जगणे आमच्या मातीच्या भाषेत मांडू. गाव, गरिबी, स्त्रीचे दुःख, दंगल आणि अस्मिता हे विषय आपण मांडले. हमीद दलवाईंच्या विचारांशी कुणाचे कितीही मतभेद असोत, 1965 सालच्या 'इंधन'मध्ये त्यांनी मुंबईहून गावी परतलेल्या माणसाच्या डोळ्यांनी कोकणातले गाव दाखवले होते. तशी नजर उलट दिशेने, गावाकडून मुंबईकडे, आपण फारशी वापरली नाही. कोकणातल्या कितीतरी गावांच्या जमातींच्या मुंबईत खोल्या होत्या. नोकरीला गेलेला पोरगा आधी तिथे पथारी टाकायचा. इमारत पाडली की त्या खोलीचा करार कुणाच्या नावावर होतो? वीस जण जिथे आळीपाळीने झोपत होते तिथे मिळालेल्या एका फ्लॅटचा मालक कोण? यात अख्खी कादंबरी आहे.

हे लिहिण्याची सोय आपल्यालाच जास्त आहे असे मला वाटते. आपले एक पाऊल तालुक्यात असते, दुसरे मदनपुऱ्यात किंवा मुंब्र्यात. घरात उर्दू असते, बाजारात मराठी. पाण्याची दोन्ही टोके आपल्या नात्यात आहेत. आणि आता वेळही फार नाही. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. वासिंद, आसनगावला उंच इमारती उभ्या राहत आहेत, शहापूरच्या रस्त्यावर घरांच्या जाहिरातींचे फलक लागले आहेत. उद्या टॉवर आमच्याच दारात येईल आणि आपण पुन्हा एकदा चिमणी आणि वॉचमनची गोष्ट लिहीत बसू.

माझ्या लिहित्या बंधू-भगिनींना विनंती एवढीच आहे. टॉवरला शिव्या देण्याआधी एकदा लिफ्टने वर जाऊन माझ्या खालाची भरलेली बादली पाहा. मग त्या बादलीतले पाणी जिथून आले तिथे, आमच्या तालुक्यात या. दोन्हीकडे चहा मिळेल.

ती मुलगी आता नववीत आहे. परवा मी तिला म्हटले, त्या निबंधातली शेवटची ओळ घेऊन पुढे लिही. तिने विचारले, 'कितने सफ़हे, मॅडम?' मी म्हटले, जितके लागतील तितके.